पोकळीतला साठा

आमच्या कोकणातल्या घरी करवंट्या बंबात जायच्या. आंघोळीचं पाणी तापलं की त्यांचं काम संपलं. त्याच करवंटीच्या कोळशात वीज साठवतात, हे मला पंचेचाळिशी उलटल्यावर कळलं. रसायनशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. जुनी पेटंटं वाचत, अडत, पुन्हा वाचत मी हा इतिहास जुळवला.

त्याचा एक धागा विषारी वायूपाशी जातो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने क्लोरीन सोडला. त्याच वर्षी रशियात निकोलाय झेलिन्स्की यांनी कोळशाचा मुखवटा तयार केला. १९१८मध्ये अमेरिकेत अशा मुखवट्यांसाठी घरोघरच्या फळांच्या बाठी आणि कवचं गोळा झाली. कोळसा वाफेत खूप तापवला की त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं पडतात. अशा एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरहून जास्त भरतो. विषारी रेणू तिथेच अडकतात.

दुसरा धागा विजेचा. विद्युतअग्र आणि द्रावण यांच्या सीमेवर विरुद्ध विद्युतभार समोरासमोर उभे राहतात, ही कल्पना हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडली होती. दोन भारांत अंतर जेमतेम रेणूएवढं. पृष्ठभाग अफाट मिळाला, तर साठाही मोठा होणार.

हे धागे जुळले ते जनरल इलेक्ट्रिकच्या हॉवर्ड बेकर यांच्या १९५७च्या पेटंटात. सच्छिद्र कार्बनची अग्रं वापरून त्यांनी मोठी धारकता मिळवली. मात्र आत नेमकं काय घडतं हे ठाऊक नाही, असंही त्यांनी नोंदवलं. हक्क सांगणाऱ्या कागदावर ही कबुली!

कंपनीने तो शोध पुढे नेला नाही. ओहायोच्या स्टँडर्ड ऑइलने १९६६मध्ये आपलं पेटंट घेतलं. १९७१मध्ये ते तंत्र जपानच्या एनईसीकडे गेलं आणि संगणकाची स्मृती जपणारा ‘सुपरकपॅसिटर’ बाजारात आला.

तरी कोडं उरलंच. आयन द्रावकाचं कवच घेऊन फिरतो. म्हणून एक नॅनोमीटरहून लहान छिद्रं निरुपयोगी, असा समज होता. २००६मध्ये गोगोत्सी, सिमाँ आणि सहकाऱ्यांनी उलटंच दाखवलं. तिथे धारकता वाढते. आयन ते कवच थोडंफार उतरवून आत शिरतो.

एका व्याख्यानात मी बेकरना या साधनाचे ‘जनक’ म्हटलं होतं. टाळ्याही मिळाल्या. ते विधान आज मागे घेतो. कोळसा मुखवट्यातून आला, सिद्धान्त जुना होता, बाजार दुसऱ्यांनी उभा केला. बेकर यांच्याकडे उरतो तो पहिला प्रयोग आणि ‘ठाऊक नाही’ म्हणण्याचा प्रामाणिकपणा. माझ्यासारख्या पदवी नसलेल्या माणसाला तो दुसरा वाटा अधिक मोलाचा वाटतो.

बंब आता माळ्यावर आहे. करवंटी फेकताना मात्र हात थांबतो.