खासगी दूरध्वनी-विनिमयकेंद्र : सामायिक नियमांची नोंद

कचेरी, पेढी किंवा कारखान्यातील दूरध्वनींना परस्परांशी व बाहेरच्या मार्गांशी जोडणाऱ्या, व्यवहारात ‘ईपीएबीएक्स’ या नावाने परिचित असलेल्या यंत्रणेत, प्रत्येक उपकरणासाठी निराळे न ठेवता सर्वांना एकदमच लागू करण्याचे जे नियम नोंदविले जातात, ते हे सामायिक नियम होत. घंटा किती वेळ वाजावी, अनुत्तरित कॉल कोणाकडे वळावा, बाहेरगावी बोलण्याचा अखत्यार कोणास असावा, हे त्यांतच ठरते.

यांत क्रमांकयोजना सर्वांत नाजूक. श्रीरामपूर तालुक्यातील बेलापूरसारख्या ०२४२२ या संकेतांकाच्या गावी, बाहेरच्या मार्गासाठी शून्य योजिलेल्या कचेरीत, १५ जानेवारी २०२१ पासून स्थिर दूरध्वनीवरून भ्रमणध्वनीस शून्य जोडणे अनिवार्य झाल्यामुळे, दोन शून्ये फिरवावी लागतात. आणि बाहेरगावचा खर्च टाळण्यासाठी दुसऱ्या शून्यालाच सरसकट मनाई केलेली असल्यास भ्रमणध्वनीही बंद होतात. केवळ पुढचा एक अंक पाहूनही भागत नाही, कारण नागपूरचा ०७१२ आणि कित्येक भ्रमणध्वनी दोन्ही शून्यानंतर सातानेच सुरू होतात; म्हणून मनाई अनेक अंक तपासूनच घालावी.

११२ या आपत्कालीन क्रमांकावर मात्र कोणत्याही उपकरणास, कोणत्याही वेळी, मनाई असू नये.