मोडीचा भाव

गेल्या धनत्रयोदशीला आम्ही उभयता भांड्यांच्या दुकानात गेलो होतो. रीतीप्रमाणे एखादे भांडे घ्यावे, एवढाच बेत. सौ.ने स्टीलचा डबा निवडला, घासाघीस केली आणि दुकानदाराने वीस रुपये सोडताच विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले. मला मात्र आजी आठवली. ती किंमत नंतर विचारी, आधी विचारी, "मोड काय भावाने घ्याल?"

तांब्यापितळेची भांडी आपल्याकडे वजनावर विकली जात. त्यात धातूचा भाव आणि वर घडणावळ. पुढे भांडे चेपले, फुटले, तरी घडणावळ तेवढी बुडे. धातूचे पैसे बरेचसे परत येत. हीच मोड. पुण्याच्या तांबट आळीत पेशवाईपासून जे मठारकाम चालत आले, त्यात हातोडीच्या ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो आणि भांडे पिढ्यान्‌पिढ्या टिकते. म्हणून जाड, वजनदार भांडे महाग असूनही काटकसरीचे मानले जाई.

खर्च होता तो पुढचा. पितळी पातेल्यात ताक किंवा चिंचेची आमटी राहिली की कळकते. म्हणून आतून कथलाची कल्हई हवी. कल्हईवाला अंगणात भाता मांडी, भांडे तापवून नवसागराची पूड टाकी आणि पांढऱ्या धुरात कथील लावून कापसाच्या बोळ्याने भराभर फिरवी. आम्हा मुलांना ती गंमत. आईला मात्र खर्च. काही महिन्यांत कल्हई उडे आणि स्वारी पुन्हा दारात हजर!

यावरचा उतारा निघाला तो साता समुद्रांपलीकडे, आणि तोही बंदुकांच्या नादात. इंग्लंडातील शेफील्ड हे सुऱ्यांचे गाव. तिथे हॅरी ब्रिअरली बंदुकीच्या नळ्यांसाठी लवकर न झिजणारे पोलाद शोधत होते. १९१३ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी सुमारे १३ टक्के क्रोमियम घालून पोलाद ओतले, आणि त्यावर आम्लाचा परिणाम होईना. तोवर लिंबू वा शिरका लागला की सुरी काळी पडे, तिला घासत बसावे लागे. सुऱ्यांच्या कारखान्यातले अर्नेस्ट स्टुअर्ट यांनी नवी सुरी शिरक्याने पारखली आणि पोलादाला नाव दिले 'स्टेनलेस'.

तेच पोलाद पुढे आमच्या मांडणीवर आले. कल्हई वाचली, चिंच वाचली, आईचे हात वाचले. हिशेब स्वच्छ दिसत होता.

मी मॅट्रिकला असताना वडील अंथरुणाला खिळले आणि परीक्षेची फी भरायची वेळ आली. आईने आजीची पितळी घागर मोडीत काढली. घागरीवर आजीचे नाव होते. तराजूत ठेवण्यापूर्वी आईने त्यावरून एकदा पदर फिरवला. फी भरली आणि महिन्याचे धान्यही आले. दोन वर्षांनी पुन्हा अडचण आली, तेव्हा तिने स्टीलचा मोठा डबा पुढे केला. दुकानदाराने तो न तोलताच परत सरकवला. "बाई, याला भंगाराचा भाव."

विळीसुरीची गोष्ट निराळी. तिला मोड कुठली येणार? तिथे पाहायची ती धार. आमची लोखंडी विळी आजीच्या काळची. चिरून झाले की पुसून कोरडी ठेवायची, पावसाळ्यात पात्याला तेलाचे बोट लावायचे, बोथटली की धार लावून घ्यायची. पाते झिजून अरुंद झाले आहे, पण भोपळा अजून तिच्यावरच फुटतो. चकचकीत पात्यांच्या सुऱ्या मात्र घरात तीनदा आल्या आणि तीनदा गेल्या.

डबा आम्ही घेतलाच; रोजच्या कामाला स्टीलसारखे सोयीचे दुसरे नाही. पण निघताना मी एक लहानशी पितळी कळशी तोलायला सांगितली आणि मोडीचा भावही विचारला. सौ. म्हणाली, "आता कल्हईवाला कुठून आणणार?"

"पाण्याच्या कळशीला कल्हई कशाला?" मी म्हटले.

तिने कळशी हातात घेऊन वजन अजमावले, क्षणभर विचार केला आणि दुकानदाराला सांगितले, "यावर आमच्या मुलीचे नाव घाला."