शिकवण्याची बारकाई : विशेष शिक्षणाच्या अभ्यासाची प्रस्तावना

विशेष शिक्षणात बी.एड. करायचे ठरवले आहे, असे एखाद्या मुलीने घरी सांगितले की बहुधा उत्तर येते, ‘बाई, केवढा संयम लागत असेल त्याला!’ या बोलण्यात आपुलकी असते. तरीही त्यातून एक गैरसमज पुढे चालत राहतो. संयमाचे कौतुक होते आणि विद्येचे राहून जाते. दृष्टिहीन मुलाला भूमिती कशी शिकवायची, ऐकू न येणाऱ्या मुलीची भाषा कशी घडवायची, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला पैशांचा व्यवहार कोणत्या क्रमाने शिकवायचा, या प्रश्नांची उत्तरे नुसत्या चांगुलपणाने सापडत नाहीत. ती अभ्यासाने सापडतात. त्या अभ्यासाची ओळख वाचकांना करून द्यावी, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

आपल्याकडची ही परंपरा वाटते त्याहून जुनी आहे. मुंबईत कर्णबधिर मुलांची शाळा १८८० च्या दशकात सुरू झाली. अंध मुलांसाठी १८८७ मध्ये अमृतसरला आणि १९०० मध्ये दादरला शाळा निघाली. हा पहिला टप्पा प्रामुख्याने मिशनऱ्यांचा. पुढे पालक स्वतः उभे राहिले. मुंबईच्या वकील आडनावाच्या दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने १९४४ मध्ये जे काम सुरू केले, त्यातून आजची ‘जय वकील’ संस्था वाढली. पुण्यात १९६४ मध्ये ‘कामायनी’ ही विशेष शाळा सुरू झाली. मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलीच्या आई डॉ. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. शासनाच्या राष्ट्रीय संस्था त्यानंतरच्या; श्रवणदोषाच्या क्षेत्रातली वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ ची. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. आज आपण जे पाठ्यक्रमात शिकतो, त्यातले पुष्कळसे आधी एखाद्या आईवडिलांनी घरात करून पाहिलेले असते.

या अनुभवाला शास्त्राची आणि कायद्याची शिस्त नंतर आली. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ चा. विशेष शिक्षकाचे प्रशिक्षण कसे असावे हे ही परिषद ठरवते आणि पात्र व्यक्तींची केंद्रीय नोंदवही ठेवते. या नोंदवहीत नाव नसताना दिव्यांग मुलांना व्यावसायिक म्हणून शिकवणे हा दंडनीय गुन्हा आहे. म्हणजे हा दयाधर्म नसून व्यवसाय आहे, हे कायद्यानेच मान्य केले आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारांचा उल्लेख होता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ही यादी २१ वर नेली आणि अध्ययन अक्षमता व स्वमग्नता यांनाही तीत जागा दिली. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क याच कायद्यात आहे.

आता पदवीविषयी. विशेष शिक्षणातील बी.एड. हा पदवीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. बारावीनंतर येणाऱ्यांसाठी पदविकेची वाट आहे. सर्वसाधारण बी.एड.मध्ये आपण मराठी, गणित, इतिहास अशी अध्यापनाची पद्धत निवडतो. इथे त्यासोबत एक विशेषीकरणही निवडावे लागते : दृष्टिदोष, श्रवणदोष, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता यांसारखे. प्रात्यक्षिके विशेष शाळेत होतात, सामान्य शाळेतल्या समावेशक वर्गातही होतात, आणि आपल्या निवडीबाहेरच्या दिव्यांगत्वाचीही तोंडओळख करून घ्यावी लागते. विशेषीकरण म्हणजे अर्जावरची एक औपचारिक खूण, असे नवख्याला वाटू शकते. ते तसे का नाही, हे दोन-तीन उदाहरणांवरून कळेल.

दृष्टिदोषाचे विशेषीकरण घेतले तर ब्रेल शिकावी लागते. सहा ठिपक्यांच्या ६३ रचनांमध्ये सारी लिपी बसते, आणि मराठी ब्रेल भारतीय भाषांसाठी तयार झालेल्या भारती ब्रेलवर चालते. गंमत पाहा : ‘किती’ हा शब्द छापताना पहिली वेलांटी ‘क’च्या आधी येते, पण उच्चारात ‘इ’ नंतर येते. ब्रेल उच्चाराला धरून चालते. आधी ‘क’, मग ‘इ’. जोडाक्षरात मात्र पाय मोडल्याचा ठिपका त्या व्यंजनाच्या अगोदर द्यावा लागतो. एरवी डोळ्यांच्या सवयीने सुटून जाणारी आपली लिपी बोटांनी वाचायला बसलो की तिची सगळी घडण नव्याने समजते. गणितासाठी टेलर फ्रेम, नकाशासाठी उठावाच्या रेषा, रस्त्यावर चालण्यासाठी पांढरी काठी; या प्रत्येकाचे स्वतंत्र तंत्र आहे.

श्रवणदोषाकडे वळले की प्रश्नच बदलतो. ऐकू न येण्याचा सर्वांत मोठा परिणाम आवाजावर नसतो, भाषेवर असतो. इतर मुले घरातल्या बोलण्यातून नकळत जे उचलतात, ते या मुलापर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे निदान किती लवकर झाले आणि भाषा किती लवकर मिळाली, यावर पुढचे सारे शिक्षण अवलंबून राहते. ओठ वाचून सगळे कळते, हा समज इथे पहिल्याच सत्रात गळून पडतो. आरशासमोर ‘पार’, ‘बार’ आणि ‘मार’ हे शब्द आवाज न करता म्हणून पाहा. ओठांची हालचाल तिन्ही वेळा सारखीच दिसेल. भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे हातवाऱ्यांची नुसती जुळवाजुळव नाही. तिला स्वतःचे व्याकरण आहे. प्रश्नार्थक खूण तीत सहसा वाक्याच्या शेवटी येते. दिल्लीला २०१५ मध्ये या भाषेच्या संशोधनासाठी आणि प्रशिक्षणासाठी स्वतंत्र केंद्र स्थापन झाले आहे.

बौद्धिक अक्षमतेच्या क्षेत्रात तर शिकवण्याची कृतीच भिंगाखाली येते. शर्टाचे बटण लावणे हे आपल्या लेखी एक काम. कार्यविश्लेषण करायला बसलो की त्याच्या पायऱ्या दिसू लागतात : काठ पकडणे, बटण आणि काज समोरासमोर आणणे, बटणाची कड काजात घालणे, पलीकडून ती चिमटीत धरणे, ओढणे. पुष्कळदा शिक्षक आधीच्या सगळ्या पायऱ्या स्वतः करतो आणि शेवटचे ओढणे तेवढे मुलाकडे ठेवतो. ते जमले की त्याच्या आधीची पायरी. अशा उलट क्रमात प्रत्येक प्रयत्न काम पुरे झाल्याच्या आनंदाने संपतो. प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक शैक्षणिक आराखडा लिहिण्यामागेही हीच दृष्टी असते. ‘स्वावलंबन वाढवणे’ असे मोघम उद्दिष्ट त्यात चालत नाही. मूल आज काय करते, तीन महिन्यांनी काय करील आणि ते जमले हे कशावरून ओळखायचे, हे मोजता येईल अशा शब्दांत लिहावे लागते.

मराठी वाचकांचे लक्ष मला अध्ययन अक्षमतेकडे विशेष वेधायचे आहे. वाचन-लेखनातील अडचणींविषयीचे बहुतांश साहित्य इंग्रजी भाषेला समोर ठेवून लिहिलेले आहे. आपल्या वर्गातले मूल मात्र ‘घ’ आणि ‘ध’मध्ये, ‘भ’ आणि ‘म’मध्ये अडते, काना-मात्रा गाळते, ‘प्रकाश’, ‘सूर्य’, ‘राष्ट्र’ आणि ‘दऱ्या’ या चार शब्दांत एकाच ‘र’ची चार रूपे पाहून गोंधळते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी तयार केलेल्या चाचण्यांमध्ये मराठीचा समावेश आहे, ही समाधानाची बाब. पण चाचणी अडचण दाखवते. त्यावरचे अध्यापन वर्गातच घडवावे लागते. ज्यांना मराठीची जाण आहे आणि संशोधनाची आवड आहे, त्यांच्यासाठी इथे करण्यासारखे पुष्कळ शिल्लक आहे.

या विषयाकडे नवख्या वाचकांनी कसे यावे? पहिली विनंती अशी की, दिव्यांगत्वाच्या व्याख्या पाठ करण्याने सुरुवात करू नये. आधी एका मुलाकडे नीट पाहावे आणि जे दिसले तेवढेच वहीत लिहावे. ‘हट्टी आहे’ हे निरीक्षण नव्हे, तो निष्कर्ष झाला. ‘घंटा वाजली की कानांवर हात ठेवतो आणि दाराकडे जातो’ हे निरीक्षण. दुसरे म्हणजे २०१६ चा कायदा मुळातून वाचावा. तो वाचायला वकील असण्याची गरज नाही. तिसरे, दिव्यांग व्यक्तींनी स्वतः लिहिलेले वाचावे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मराठीतच उपलब्ध आहे. ‘चौकट राजा’सारखा चित्रपट सहानुभूती जागी करतो आणि तेही मोलाचे, पण माणूस आपल्याविषयी स्वतः काय म्हणतो हे ऐकल्यावाचून शिक्षकाचे शिक्षण पुरे होत नाही. आणि पालकांना सल्ला देण्याआधी त्यांना विचारावे. घरी मूल काय करते, हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नसते.

नोकरीचा विचारही मोकळेपणाने करायला हवा. विशेष शाळा, सामान्य शाळांमधील संसाधन कक्ष, गावोगावच्या शाळांना भेटी देणारे फिरते शिक्षक, लवकर हस्तक्षेपाची केंद्रे, असे कामाचे अनेक मार्ग आहेत. यातली बरीच पदे दीर्घकाळ कंत्राटी राहिली आहेत, हेही खरे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सामान्य शाळांतील विशेष शिक्षकांच्या प्रश्नात लक्ष घातले. त्यानंतर केंद्राने २०२२ मध्ये प्रमाण ठरवले : प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर १५ विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. कागदावरचे प्रमाण वर्गात उतरायला प्रशिक्षित माणसे लागतील, आणि ती याच अभ्यासक्रमांतून येणार आहेत.

म्हणून प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी एक काम जरूर करा. जवळच्या विशेष शाळेत मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन काही दिवस मागच्या बाकावर बसा. शिक्षिका काय शिकवतात यापेक्षा ती गोष्ट किती लहान करून शिकवतात, याकडे लक्ष द्या. ती बारकाई पाहून तुमचे कुतूहल जागे झाले, तर हा विषय तुमचा आहे. संयम कामातून येत जाईल. अभ्यासाला मात्र आजपासूनच लागावे.