‘क्षार’ शब्दाचे स्थलांतर आणि घन आम्लारी उत्प्रेरक

मराठी माध्यमातून शिकून नांदेड किंवा लातूर येथे रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आलेल्या विद्यार्थ्यास ‘क्षार’ म्हणजे आम्ल व आम्लारी यांच्या संयोगाने होणारा पदार्थ, असे शाळेपासून ठाऊक असते. तोच विद्यार्थी सुश्रुतसंहितेतील क्षारपाकविधी वाचू लागला, तर प्रारंभीच अडखळेल. कारण तेथील क्षार दाहक आहे, म्हणजे आजच्या परिभाषेत तो आम्लारीच होय. हिंदीने हा जुना अर्थ राखला आणि मिठाच्या जातीच्या पदार्थांस ‘लवण’ म्हटले. मराठी शालेय परिभाषेने ‘क्षार’ दुसऱ्या घरी दिला व रिकाम्या जागी आम्लाचा शत्रू तो ‘आम्लारी’ बसविला. पापडखार आणि सज्जीखार मात्र बोलीत जुन्याच घरी नांदत आहेत.

शब्द हलला की त्यामागील कृतीही दृष्टीआड होते. सुश्रुताच्या विधीत वनस्पतींची राख पाण्यात कालवून, गाळून ते पाणी आटवितात. मृदूहून प्रखर क्षार हवा असल्यास त्यात भाजलेली चुनखडी व शंख घालतात. आणि सिद्ध झालेला क्षार लोखंडी कुंभात तोंड बंद करून ठेवतात. राखेतील सौम्य कार्बोनेट चुन्यामुळे दाहक होते आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे पुन्हा सौम्य होऊ लागते. हे कारण त्या काळी ज्ञात असणे शक्य नव्हते. व्यवहार मात्र अचूक होता.

एमिल क्नोव्हेनागेल यांनी १८९० नंतरच्या दशकात अमाइनांच्या अल्प मात्रेने आल्डिहाइडांचे मॅलॉनिक एस्टरसारख्या संयुगांशी संघनन घडविले. (वाफेचे पाणी होणे आणि दोन रेणू जोडले जाणे, या दोहोंस आपण ‘संघनन’ हा एकच शब्द योजतो, हेही गैरसोयीचेच.) विद्रावात मिसळलेला आम्लारी नंतर वेगळा काढणे कष्टाचे असते, घन उत्प्रेरक गाळून घेता येतो. १९५५ साली पाइन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲल्युमिनावर पसरलेल्या सोडियमने आल्कीनांतील द्विबंधाचे स्थान बदलून दाखविले. पुढे मॅग्नेशियम व कॅल्शियम यांच्या ऑक्साइडांचा अभ्यास वाढला. त्यांची पूर्वतयारी म्हणजे पुन्हा भाजणेच. पृष्ठभागास चिकटलेले पाणी व कार्बन डायऑक्साइड उष्णतेने घालविल्याखेरीज आम्लारी केंद्रे उघडी पडत नाहीत, आणि पदार्थ हवेत राहिला की ती पुन्हा झाकली जातात.

या क्रियेस ‘निस्तापन’ असा प्रतिशब्द कोशात सापडतो. चुन्याच्या भट्टीवर तिला ‘भाजणे’ म्हणतात, आणि कळीचा चुना उघड्यावर टाकू नये हेही तेथे कोणास सांगावे लागत नाही. प्रबंधलेखकाने हाच शब्द वापरावा, असे माझे मत आहे.