सदोष नोटा: ओळख आणि मोल

नोट छापताना झालेली चूक आणि नोट वापरात आल्यावर झालेली मोडतोड या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी संग्राहक जास्त पैसे मोजतात, दुसरीने मोल घटते. त्यामुळे सदोष नोटेची पारख म्हणजे मुळात नोट कशी घडते याची माहिती.

1861 च्या कागदी चलन कायद्यानंतरच्या सरकारी नोटा इंग्लंडहून छापून येत. त्या काळी मोठ्या रकमेची नोट मधोमध कापून तिचे दोन तुकडे वेगवेगळ्या टपालाने पाठवत आणि पोचल्यावर नंबर जुळवून ते चिकटवत. त्यामुळे जुन्या नोटेवरची मधली जोड हा छपाईचा दोष नव्हे. अशा नोटेवरचे दोन नंबर जुळत नसतील, तर ते दोन निराळ्या नोटांचे तुकडे असण्याचा संभव आधी तपासावा लागतो.

नाशिकला 1928 मध्ये चलार्थ पत्र मुद्रणालय सुरू झाले आणि 1932 पर्यंत सर्व किमतींच्या भारतीय नोटा तिथे छापल्या जाऊ लागल्या. स्वातंत्र्यानंतरच्या नोटांवर ‘दो रुपया’, ‘पांच रुपया’ असा मजकूर होता. हिंदीत ‘रुपया’चे अनेकवचन काय, हा वाद 1953 मध्ये ‘रुपये’च्या बाजूने मिटला. आधीच्या नोटांना संग्राहक ‘चुकीची हिंदी’ म्हणतात. मात्र सगळी छपाईच तशी झाल्याने तो नोटेचा एक प्रकार ठरतो. एखाद्याच नोटेत किंवा मोजक्या कागदांत उतरलेली चूक ही खरी सदोष नोट.

जलचिन्ह आणि सुरक्षा धागा कागद बनतानाच त्यात येतात. मग ऑफसेटवर पार्श्वभूमीचे रंग, त्यावर बोटाला जाणवणारी उठावाची छपाई, नंतर नंबर आणि शेवटी कटाई. प्रत्येक टप्प्याच्या चुका ठरलेल्या असतात. कागद एका टप्प्यावर सुटला, तर तेवढाच भाग कोरा राहतो. कागदाला घडी पडली, तर ती उलगडल्यावर चित्राच्या मधून पांढरी पट्टी दिसते. ओली शाई दुसऱ्या कागदाला लागली, तर आरशातल्यासारखा उलटा ठसा उमटतो. नंबराचे एखादे चाक अडकले, तर दोन्ही नंबरांत एका आकड्याचा फरक पडतो. दुमडलेला कोपरा कटाईतून वाचला, तर नोटेला जास्तीचा कागद राहतो; बाजारात तिला ‘बटरफ्लाय’ म्हणतात.

तपासणीत सापडलेली सदोष नोट बंडलातून काढून तिच्या जागी दुसरी घालतात. 2006 पासून अशा बदली नोटांच्या नंबरात तारा छापला जाऊ लागला. ताऱ्याची नोट म्हणून स्वतः सदोष नसते. ती दुसऱ्या नोटेतल्या दोषाची खूण असते. तपासणी जितकी कडक, तितकी बाहेर निसटलेली चूक दुर्मीळ. घाईत मात्र ही चाळणी सैल होते. नोटबंदीनंतर नोव्हेंबर 2016 मध्ये पाचशेच्या काही नव्या नोटांवर गांधीजींच्या चित्राची दुहेरी छाया आढळली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने त्याचे कारण छपाईची घाई असावे असे सांगितले. जानेवारी 2017 मध्ये मध्य प्रदेशातल्या श्योपूर जिल्ह्यात गांधीजींचे चित्रच नसलेल्या दोन हजारांच्या नोटा काही शेतकऱ्यांना बँकेतून मिळाल्या.

मागणी वाढली की बनावट दोषही येतात. रसायनाने नंबर पुसला, तर तिथले तंतू खरखरीत होतात आणि अतिनील दिव्याखाली शाईचा अंश दिसू शकतो. कात्रीने कापून ‘चुकीची कटाई’ दाखवली, तर मापे उघडी पाडतात: 2016 नंतरची पाचशेची नोट 66 बाय 150 मिलिमीटर असते. ‘सरकलेल्या’ छपाईची एक कड जास्त रुंद असेल, तर समोरची तेवढीच अरुंद हवी; माप कमी भरले तर नोट नंतर कापलेली असण्याचा संशय येतो.

खरेपणा पटल्यावर किंमत चार गोष्टींवर ठरते: दोष नुसत्या डोळ्यांना किती ठळक दिसतो, तो किती क्वचित होतो, नोट किती कोरी आहे आणि त्या मालिकेला किती मागणी आहे. हलके सरकलेले रंग सर्रास सापडतात, म्हणून स्वस्त. एक बाजू पूर्ण कोरी असलेली नोट महाग. जाहिरातींतले आकडे विक्रेत्याची अपेक्षा सांगतात. प्रत्यक्ष झालेल्या लिलावाची बोली हाच आधार. बाद झालेल्या पाचशे-हजारांच्या नोटांना 2017 च्या कायद्याची मर्यादा आहे: एरवी दहा, आणि अभ्यास, संशोधन किंवा संग्रहासाठी जास्तीत जास्त पंचवीस नोटा जवळ ठेवता येतात.