फिरते घर आणि तांबडा दिवा

गाडी चालवताना समोरचा बॅटरीचा तांबडा दिवा लागला, तर आपण काय करू? बहुतेकजण म्हणतील, बॅटरी चार्ज होत नसेल. पुढच्या गावात दाखवू. १९६०च्या दशकातील फोक्सवॅगन बसच्या मालकाने असा विचार केला असता, तर पुढचे गाव येण्याआधीच त्याचे इंजिन निकामी झाले असते. असे का, हे समजण्यासाठी आधी या गाडीचा इतिहास थोडक्यात पाहू.

१९४७ साली बेन पॉन या डच मोटार-विक्रेत्याने आपल्या वहीत खोक्यासारख्या एका गाडीचे कच्चे चित्र काढले. चालक अगदी पुढे, इंजिन अगदी मागे आणि मधली सारी जागा सामानासाठी मोकळी. मार्च १९५०मध्ये जर्मनीत तिचे नियमित उत्पादन सुरू झाले. त्या मोकळ्या जागेत बिछाना, कपाट आणि मेज बसवले की गाडीचेच घर होते, हे लोकांच्या लवकरच लक्षात आले. वेस्टफालिया या जर्मन कारखान्याने तसे सामान बनवायला घेतले. कित्येकांनी घरीच फळ्या ठोकून ते काम उरकले. पुढे तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान या मार्गाने भारतात येऊन गोव्याच्या किनाऱ्यावर मुक्काम करणाऱ्या तरुण प्रवाशांकडेही अशा बस असत. १९७९मधील इराणची क्रांती आणि अफगाणिस्तानातील सोव्हिएत आक्रमण यांमुळे तो मार्ग खुंटला.

अशा प्रवासात इंजिन बंद पडले, की अख्खे घरच रस्त्यावर येई. जवळ कारखाना नाही, मुलखाची भाषा येत नाही, पैसे बेताचेच. मग दुरुस्ती करायची कोणी?

ती मालकानेच करावी, असे सांगणारे एक पुस्तक १९६९ साली अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात प्रसिद्ध झाले. लेखक जॉन म्यूर (याच नावाचे निसर्गसंरक्षक वेगळे) हे इंजिनिअर होते. रुळलेला व्यवसाय सोडून ते फोक्सवॅगन गाड्या दुरुस्त करू लागले होते. ज्याने कधी हातात पाना धरला नाही, अशा माणसाशी गप्पा माराव्यात तसे हे पुस्तक लिहिलेले आहे. पीटर अश्वान्डेन यांची बारकाव्यांनी भरलेली चित्रे सोबतीला आहेत. कामाला हात घालण्यापूर्वी संपूर्ण कृती वाचून काढावी, असा लेखकाचा आग्रह असे. या पुस्तकाच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या.

आता त्या तांबड्या दिव्याकडे वळू. या इंजिनात पाणी नसते. पंख्याच्या वाऱ्याने ते थंड राहते. हा पंखा डायनॅमोच्याच दांड्यावर बसवलेला असतो आणि दोन्ही एकाच पट्ट्यावर फिरतात. पट्टा तुटला की वीज बंद होते, तसा वाराही बंद होतो. म्हणजे दिवा बॅटरीचा असला, तरी धोका इंजिनाला असतो. अशा वेळी ताबडतोब थांबून पट्टा बदलणे, हाच उपाय. पाने आणि एक जादा पट्टा जवळ असेल, तर हे काम रस्त्याच्या कडेलाही होते. पट्टा ताणण्याची युक्तीही साधी आहे. डायनॅमोच्या पुलीचे दोन भाग असतात. त्यांच्यामधला एखादा वायसर काढला, की खाच अरुंद होते, पट्टा वर चढतो आणि ताणला जातो. काढलेला वायसर पुलीच्याच बाहेरच्या अंगाला ठेवायचा, म्हणजे तो हरवत नाही.

दुसरे उदाहरण आपले मिस्त्री ज्याला ‘टॅपेट सेट करणे’ म्हणतात त्याचे. झडप आणि ती उघडणारा रॉकर यांच्यात थोडी फट ठेवावी लागते. १९७०च्या दशकातील १६०० घनसेंटिमीटर इंजिनात ती फक्त ०.१५ मिलिमीटर असे. जळालेला वायू बाहेर सोडणारी झडप अतिशय तापते. ती मिटून आपल्या बैठकीला टेकते, तेव्हाच तिची बरीचशी उष्णता बाहेर जाते. वापराने फट कमी होत गेली, तर झडप पूर्ण मिटत नाही. उष्णता अडकते, कडा जळतात, आणि प्रसंगी झडपेचे डोके तुटून दट्ट्यावर पडते. म्हणून दर ३,००० मैलांनी (सुमारे ४,८०० किलोमीटर) फट तपासायची. तीही इंजिन पूर्ण थंड असताना, कारण तापल्यावर धातू प्रसरण पावतात आणि माप चुकते.

केवळ ‘०.१५ ठेवा’ एवढेच सांगितले असते, तर घाईत असलेला मालक गरम इंजिनावरच माप घेऊन मोकळा झाला असता. कारण समजले, की तो इंजिन निवण्याची वाट पाहतो. जवळ विचारायला कोणी नसेल, तेव्हा पाठ केलेली सूचना अपुरी पडते. समजलेले कारण मात्र नव्या अडचणीतही उपयोगी पडते.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. सायकलची उतरलेली साखळी कशी चढवावी, हे एका विद्यार्थ्याने कागदावर लिहावे. ज्याने हे काम कधीच केलेले नाही, अशा दुसऱ्याने केवळ ते वाचून साखळी चढवावी. तो जिथे अडेल, तिथे बहुधा एखादे ‘का’ लिहायचे राहिलेले असेल. ते शोधून दोघांनी मिळून कृती पुन्हा लिहावी.