पार्टोग्राफ (प्रसूतिआलेख)

पार्टोग्राफ : प्रसूतीची प्रगती वेळेनुसार नोंदवण्याचा एका पानाचा तक्ता. बाळंतपण सुरळीत पुढे सरकते आहे की अडू लागले आहे, हे त्यावरून वेळेत लक्षात येते. ‘अजून किती वेळ लागेल?’ हा कळा सोसणाऱ्या बाईचा आणि बाहेर थांबलेल्या तिच्या माणसांचा प्रश्न. त्याचे शास्त्रीय उत्तर शोधण्याच्या प्रयत्नांशी या तक्त्याचा इतिहास जोडलेला आहे.

प्रसूतीच्या अवस्था : पहिल्या अवस्थेत नियमित कळांमुळे गर्भाशयमुख पातळ होऊन १० सेंमी.पर्यंत उघडते, दुसऱ्या अवस्थेत बाळ जन्मते आणि तिसऱ्या अवस्थेत वार पडते. पहिली अवस्था सर्वांत दीर्घ आणि सर्वांत अनिश्चित असते. तिच्या सुरुवातीच्या सुप्त टप्प्यात गर्भाशयमुख हळूहळू उघडते, सक्रिय टप्प्यात हा वेग वाढतो. कळांचा जोर, बाळाचा आकार व डोक्याची स्थिती आणि आईच्या श्रोणीची घडण यांवर काळ ठरतो. पहिलटकरणीला सहसा अधिक वेळ लागतो.

इतिहास : न्यूयॉर्कमधील प्रसूतितज्ज्ञ इमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५४ मध्ये १०० पहिलटकरणींच्या प्रसूतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. गर्भाशयमुखाचे उघडणे व वेळ यांचा आलेख काढल्यावर त्यांना इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वक्ररेषा मिळाली. पुढे अनेक दशके हीच रेषा सामान्य प्रसूतीचे माप मानली गेली.

१९७२ मध्ये ऱ्होडेशियात (आताचा झिंबाब्वे) आर. एच. फिलपॉट व डब्ल्यू. एम. कॅसल यांनी आलेखावर दोन तिरप्या रेषा आखल्या. ताशी १ सेंमी. वेगाची ती दक्षता रेषा आणि तिच्या उजवीकडे ४ तासांच्या अंतरावर कृती रेषा. दूरच्या दवाखान्यातील सुईणीने पहिली रेषा ओलांडली जाताच बाईला मोठ्या रुग्णालयाकडे पाठवावे आणि दुसरी रेषा येण्याआधी ती तिथे पोहोचावी, असा त्यामागचा हिशेब होता. अडलेल्या बाळंतपणात गर्भाशय फाटणे, अतिरक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि बाळाचा मृत्यू हे धोके असतात. म्हणून या चार तासांचे मोल मोठे होते.

जागतिक आरोग्य संघटनेने इंडोनेशिया, मलेशिया व थायलंडमध्ये घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. ३५ हजारांहून अधिक स्त्रियांच्या या चाचणीत पार्टोग्राफच्या वापरानंतर १८ तासांहून लांबलेल्या प्रसूतींचे प्रमाण ६.४ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आले.

नोंदी : आलेखावर गर्भाशयमुखाचे उघडणे, बाळाचे डोके किती खाली उतरले, १० मिनिटांतील कळांची संख्या, बाळाच्या हृदयाचे ठोके, गर्भजलाचा रंग आणि आईची नाडी, रक्तदाब व तापमान यांची नोंद होते. भारतात सरकारी रुग्णालयांतील प्रसूतिकक्षांच्या सुधारणेसाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही पार्टोग्राफच्या वापरावर भर आहे.

मर्यादा व बदल : सरासरीवरून काढलेली रेषा प्रत्येकीला लागू पडत नाही. २०१० मध्ये जून झांग व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील १९ रुग्णालयांतील ६२,४१५ प्रसूतींचे विश्लेषण केले. गर्भाशयमुख ४ वरून ५ सेंमी. होण्यास ६ तासांहून अधिक काळ लागूनही प्रसूती सामान्य होऊ शकते, असे त्यांना दिसले. वेग ठळकपणे वाढत होता तो ६ सेंमी.नंतर. केवळ रेषा ओलांडली म्हणून कळा वाढवण्याचे औषध देणे किंवा सिझेरियन करणे अनेकदा अनावश्यक ठरते, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार सक्रिय टप्पा ५ सेंमी.पासून मोजला जातो. तो पहिल्या बाळंतपणात सहसा १२ तासांपेक्षा आणि पुढच्या बाळंतपणांत १० तासांपेक्षा लांबत नाही. सुप्त टप्प्याला मात्र ठरावीक कालमर्यादा दिलेली नाही. २०२० मध्ये आलेल्या नव्या तक्त्यातून तिरप्या रेषा वगळण्यात आल्या. तिथे प्रत्येक सेंमी.साठी स्वतंत्र कालमर्यादा आहे. शिवाय बाईसोबत तिचे माणूस आहे का, तिला वेदनाशमन मिळाले का, ती पाणी पिते का, याही नोंदी त्यात आहेत.

प्रसूतीची नेमकी घटका आधी सांगता येत नाही. पार्टोग्राफचे खरे काम धोक्याची वेळीच सूचना देणे हे आहे, आणि नोंदी नियमित करणारी परिचारिका बाईजवळ असेल तरच ते साधते.